बंद कुलूप, हिरवा ठिपका

४ फेब्रुवारी, मंगळवार

ठिपका हिरवा. कुलूप बंद. आकडा आला.

एवढंच लिहून आडवं व्हावं म्हणत होतो, पण पाठ टेकली की डोकं सुरू होतं. पाणीखात्यातल्या लिसेली मॅडम आज दुपारच्या बसनं सेशेकेला गेल्या. तिथला माणूस आजारी, म्हणून महिनाभर तिकडचंही त्यांनीच बघायचं. जाताना लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाल्या, "काका, आता नदी तुमच्या हवाली!" त्या हसून बोलतात. मला हसू येत नाही.

एवढी वर्षं मी कालव्यातली पट्टी डोळ्यांनी वाचली. पाणी कुठल्या रेघेला लागलंय ते बघायचं, येऊन बंदरावरच्या फळ्यावर खडूनं आकडा लिहायचा, झालं. त्याला चौथीपर्यंतची शाळा पुरत होती. आता ती पट्टी गाळात गेली. वरच्या घाटावर लोखंडी पेटीत यंत्र बसवलंय, ते पाणी मोजतं. आपण इथं मोंगू गावात बसून एका काळ्या खिडकीतून त्याला विचारायचं. मॅडम त्या खिडकीला टर्मिनल म्हणतात. वर चढलेलं पाणी आमच्या मैदानात उतरायला आठवडा तरी घेतं, म्हणून वरचा आकडा आधी कळायला हवा. हे मला कुणी शिकवायला नको. पण त्या खिडकीच्या कडेची चिन्हं!

बायको, नामासिकू, मैदानात आहे. आमच्या टेकाडावर, मक्यापाशी. कणसं भरायला अजून थोडं ऊन हवं म्हणते. पाणी आलं की टेकाडाभोवती समुद्र होतो. मी आकडा सांगणार, मग ती निघणार. मी! ज्याला स्वतःच्या चपला कुठं काढल्या ते आठवत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

मॅडमनी सांगितलेलं घोळवत बसलोय. खिडकीच्या वर पेटीच्या नावापुढं ठिपका असतो. हिरवा म्हणजे जोडलंय. पिवळा म्हणजे हाक मारतोय, उत्तर नाही. करडा म्हणजे तुटलं. आणि करडा झाला तरी आधीची अक्षरं तशीच दिसत राहतात! "ते शिळं समजायचं काका. करड्याखालचा आकडा फळ्यावर लिहायचा नाही." हे बरं सांगितलं. मी लिहिला असता.

खाली दोन बारके बाण आहेत. एक जाणारा, एक येणारा. बोलणं चालू असलं की फडफडतात.

आणि ती लुकलुकणारी रेघ. मला वाटायचं ती पलीकडची नाडी. लुकलुकते आहे, म्हणजे पेटी जिवंत आहे. सकाळी तिच्याकडे बघून मला धीर यायचा. काल मॅडमना तसं बोललो तर म्हणाल्या, "नाही नाही! ती इथली आहे. तिकडचं सगळं मेलं तरी ती लुकलुकत राहणार."

हे ऐकल्यापासून तिच्याकडे बघवत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

गुडघा ठणकतोय. आकडा कालच्यापेक्षा वर. थोडाच, पण वर.

कुलपाचं काही केल्या डोक्यात बसत नाही. ठिपक्याशेजारी इवलंसं कुलूप आहे. मॅडम म्हणाल्या बंद असलं की चांगलं. वाटेत कुणी ऐकत नाही, आणि पलीकडे आपल्या ओळखीचीच पेटी आहे. उघडं दिसलं तर हात लावायचा नाही, काही विचारलं तर "नाही" लिहायचं आणि मला फोन करायचा.

मी मान डोलावली. पण आमच्याकडे दाराला कुलूप दिसलं की माणूस वाटेवरूनच मागं फिरतो. घरात कुणी नाही! कुलूप उघडं लटकत असेल तर दारात उभं राहून टाळ्या वाजवायच्या, "ओदी!" म्हणायचं, की आतून आवाज येतो. साठ-पासष्ट वर्षं हेच बघितलं. आता रोज सकाळी बंद कुलूप बघायचं आणि म्हणायचं, वा, सगळे घरी आहेत!

खुर्चीत बसण्याआधी मी दोन टाळ्या वाजवतोच. हळू. परवा लुबिंडानं बघितलं. लुबिंडा म्हणजे बंदरावरचा नावाडी, तोंडाळ, पण हात चांगला. म्हणाला, "म्हातारबा, यंत्रानं बसायला पाट दिला का?"

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नामासिकूचा फोन. वारुळावर चढली की तिला रेंज येते. आधी दम लागल्याचा आवाज, मग ती.

"काय म्हणतो तुमचा आकडा, सेपिसोचे बाबा?"

"चढतोय. तू ये."

"किती चढतोय?"

"थोडा. पण चढतोय ना! ये म्हणतो ना मी."

"तुम्ही डिसेंबरातही ये म्हणालात. तेव्हा इथं बेडकं पाणी मागत होती!"

"यंदाचं वेगळं आहे."

"दरवर्षी वेगळंच असतं. तुमच्या काळजीवर निघायचं तर मी मैदानात कधी उतरायचीच नाही. काळजी तुमच्यापाशी ठेवा, मला आकडा सांगा. कणसात दूध भरलंय नुसतं. थोडे दिवस."

मी विषय बदलला. विचारलं, पाय कसा आहे. मग कोंबड्यांचं. मग तिनं मला सांगितलं, माबिसी आंबट झाली असेल तर ओतून द्या, पिऊन पोट बिघडवून घेऊ नका. इतक्या लांबून माझं दही बघते ही बाई!

८ फेब्रुवारी, शनिवार

पिवळा. बराच वेळ पिवळा. मी उठलो, बाहेर गेलो, आलो. पिवळा. मग एकदम हिरवा! आकडा वर.

फळ्यावर लिहिलं. खडूचा आकडा वाकडा येतो. लुबिंडा म्हणतो, नदीच वाकडी, आकडा सरळ कुठून येणार.

९ फेब्रुवारी, रविवार

चर्चला गेलो नाही. खिडकीपाशीच बसलो. आकडा वर.

१० फेब्रुवारी, सोमवार

करडा.

सकाळपासून करडा. वर कालचीच अक्षरं. मॅडमना फोन लावला, लागत नाही. सेशेकेहून त्या कुठं आत गेल्या असतील. दर थोड्या वेळानं जोडायचं बटण दाबतो. पिवळा होतो, हाक मारतो, करडा होतो. कुणी तरी दारात उभं राहून "ओदी, ओदी" करतंय आणि आतून चकार शब्द नाही, तसं.

फळा पुसून कोरा ठेवला. दोघं-तिघं विचारून गेले. "आज नदीला सुट्टी?"

११ फेब्रुवारी, मंगळवार

करडा. मान धरलीय. मक्याच्या पिठाचं बुहोबे शिजवलं, खाल्लं नाही.

नामासिकूला सांगितलं, आकडा नाही. "मग कळला की सांगा," म्हणाली. तिच्या आवाजात काळजीचा थेंब नाही. सगळी माझ्याच वाट्याला कशी आली?

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज झालं ते नीट लिहितो, कारण माझं मलाच समजत नाहीये की बरं केलं की वाईट.

सकाळी बटण दाबलं. पिवळा झाला आणि या वेळी करडा झाला नाही. कुलूप उघडलेलं दिसलं! पहिल्यांदाच. आणि काळ्यावर लाल अक्षरांचा मोठा मजकूर. बोट ठेवून ठेवून वाचला. अर्थ असा: पलीकडच्या यंत्राची खूण पूर्वीसारखी नाही. तुम्ही ओळखत होता ते हे नसू शकेल. तरी पुढे जायचं का? हो की नाही?

मॅडमनी सांगितलेलं आठवत होतं. खोटं कशाला लिहू! "नाही" लिहायचं आणि फोन करायचा. फोन आधी केला. लागला नाही. पुन्हा केला. बंदरावर जाऊन लुबिंडाच्या फोनवरून केला. तोही लागला नाही.

परत येऊन बसलो. मजकूर तसाच वाट बघत होता. "नाही" लिहिलं तर दार पुन्हा लागणार, पुन्हा तो करडा. दोन दिवस करड्याकडे बघून मी आंबून गेलो होतो. आणि इथं कुलूप उघडं लटकतंय. उघड्या कुलपाच्या दारातून कोण मागं फिरतं? आतून विचारतायत, येतोस का. नाही म्हणायला जीभच वळेना. मग वाटलं, खूण बदलली असेल, त्यात काय. पावसात पेटीचा रंग गेला असेल. माणसाचा चेहरासुद्धा बदलतो. माझाच बघा की!

दोन टाळ्या वाजवल्या आणि "हो" लिहिलं.

लगेच ठिपका हिरवा. कुलूप आपोआप बंद झालं. बाण फडफडले. सगळं मॅडमनी सांगितलं तसं. आणि आकडा आला. खाली! नवव्या तारखेपेक्षा चांगला खाली!

पाणी उतरलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आकडा कालचाच. चढत नाही.

फळ्यावर लिहिला तर चक्क सरळ आला. गंमत आहे.

नामासिकूचा फोन आला. म्हटलं, पाणी खाली आलंय, थांबलंय. मका होऊ दे तुझा. काळजी करू नकोस.

मला वाटलं, फोन तुटला.

"ऐकतेस ना?"

"ऐकतेय. काय म्हणालात? पुन्हा सांगा."

"म्हटलं, काळजी करू नकोस. सगळं ठीक आहे."

"तुम्ही जेवलात का?"

"जेवलो. चांगला वाळवलेला मासा होता."

"झोप?"

"लागली की!"

"बरं," म्हणाली. आणि ठेवला.

खूश झाली असेल.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तोच आकडा. हिरवा, बंद, तोच.

काल आणि आज दुपारी चक्क डोळा लागला. खुर्चीत. उठलो तर हिरवाच होता. आता मी बघितलं नाही तरी तो हिरवा राहतो, असं वाटायला लागलंय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आकडा बोटभर खाली!

फळ्यावर लिहिलं तर लुबिंडा वाद घालायला लागला. वरून वेत घेऊन आलेले नावाडी सांगतात, पाणी गढूळ आहे, लव्हाळ्याची बेटंच्या बेटं सुटून वाहत येतायत. "म्हातारबा, तुमची नदी उतरतेय आणि आमची चढतेय. दोन नद्या झाल्या का?"

मी चिडलो. म्हटलं, ते यंत्र मोजतंय, तुझे नावाडी पिऊन मोजतात. ठिपका हिरवा आहे, कुलूप बंद आहे. ये, बघ! तो आला, बघितलं. "हिरवा तर आहे बुवा," म्हणाला आणि गेला.

खरं म्हणजे मला राग नदीचा नव्हता. इतक्या दिवसांनी आलेली झोप कुणीतरी ओढून नेतंय, याचा होता.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नामासिकूचा फोन बंद. ढग आहेत, तिच्या सौरपाटीला ऊन मिळालं नसेल. काल-परवाही बंदच होता, मी फारसं मनावर घेतलं नाही.

तोच आकडा.

१९ फेब्रुवारी, बुधवार

फोन बंद. तोच आकडा. इतका कसा तोच? नदीचं पाणी असं कधी उभं राहिलेलं मी बघितलं नाही. भर उन्हाळ्यातही थोडं इकडं, थोडं तिकडं. गुडघा पुन्हा ठणकतोय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मॅडमचा फोन आला. आवाजावरूनच कळलं.

"काका, वरच्या घाटाचा आकडा तुम्ही कुठून लिहिताय?"

"खिडकीतून. हिरवा आहे, मॅडम. बंद आहे."

"काका, तिथं पेटीच नाही. दहा तारखेला लव्हाळ्याचं बेट खांबावर आपटलं, पेटी गेली. मला आत्ता कळतंय!"

"मग माझ्याशी कोण बोलतंय?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. दुरुस्तीवाल्यांनी नवी पेटी आणली. वर नेण्याआधी चालते का बघायला तिला गोदामात लावली. जुन्या पेटीचंच नाव, जुनाच पत्ता दिला. मोजायचं टोक पाण्याच्या पिंपात सोडलं. आणि कुणाला कळवलं नाही, त्यांनाही नाही.

मी एक पिंप मोजत होतो. त्यातलं पाणी फळ्यावर लिहीत होतो!

"पण सोमवारी बोटभर उतरलं ते?"

मॅडमनी तेही विचारलं होतं. गोदामवाल्यानं चहासाठी पिंपातलं तांब्याभर पाणी काढलं होतं.

मी म्हटलं, पण ठिपका हिरवा होता. कुलूप बंद होतं. मग ते खोटं का बोलले?

"खोटं नाही बोलले, काका. पेटीशी जोडलेलं होतं. वाटेत कुणी ऐकतही नव्हतं. फक्त ती पेटी आपली नव्हती. आणि त्याबद्दल टर्मिनलनं तुम्हाला एकदा विचारलं असणार. लाल अक्षरात. विचारलं होतं का?"

विचारलं होतं.

"तुम्ही काय लिहिलंत?"

मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, चूक एकट्या तुमची नाही, मीही रोज चौकशी करायला हवी होती. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

फळा पुसला. ओल्या फडक्यानं पुसला, तरी खडूची सावली राहतेच. बंदरावर सगळ्यांना ओरडून सांगितलं. लोक धावले. कुणी शिवी दिली, कुणी नावा सोडल्या. एक बाई जाताना म्हणाली, "पिंपाचा राजा!" बरोबर बोलली.

नामासिकूचा फोन बंद.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पाणी आलं. कालव्याच्या काठावरचं गवत दिसत नाही. रात्रीतून नाही, डोळ्यांदेखत, उन्हात, हळूहळू. आवाजही नाही.

जवळच्या टेकाडांवरची माणसं नावांतून येतायत. मडकी, चटया, शेळ्या, म्हाताऱ्या. प्रत्येक नाव लागली की मी पुढं होतो. एकेक तोंड बघतो. कुणी कुणी नजर चुकवतात. त्यांना वाटतं मी माफी मागायला उभा आहे. मागायलाच हवी, पण आधी तिचं तोंड दिसू दे.

आमचं टेकाड लांब आहे. तिकडून कुणीच आलं नाही. लुबिंडाच्या नावेत आज जागा नव्हती. उद्या नेतो म्हणाला.

खिडकी बंद केली नाही. तो हिरवा तसाच आहे अजून. रेघ लुकलुकतेय. गोदामात पिंप भरलेलं असेल.

२२ फेब्रुवारी, शनिवार

जाऊन आलो.

लुबिंडा आणि त्याचा मेहुणा वल्हवत होते, मी मध्ये भाराच्या गोणीसारखा. जाताना मी एकसारखा बोलत होतो म्हणे. लुबिंडा म्हणाला, "म्हातारबा, गप बसा, नाव तुमच्या धसक्यानंच हेलपाटतेय." मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाला, "बोला. बोला हवं तर."

दिशा झाडांवरून धरली, कारण वाट नाहीच, नुसतं पाणी. टेकाड लांबून दिसलं तेव्हा मी डोळे मिटले. त्यानं सांगितलं, घर उभं आहे. पाणी उंबऱ्याला लागलंय.

"दार?"

"बंद."

जवळ गेलो. दाराला कुलूप.

मी तिला हाका मारल्या. टाळ्या वाजवल्या! कुलूप लावलेल्या दारासमोर, पाण्यात उभं राहून, "ओदी, ओदी" केलं. मेहुणा हसायला लागला तर लुबिंडानं त्याला वल्ह्यानं ढोसलं. मग माझ्या दंडाला धरून म्हणाला, "अहो, नीट बघा की जरा. बुडणारी बाई कुलूप लावून बुडत नाही. स्वतःच्या पायानं गेलीय ती."

मी बघितलं. कोंबड्यांचं खुराडं रिकामं, दार वर बांधलेलं. तिची छोटी नाव खुंट्याला नाही. मडकी नाहीत. घराच्या खिडकीला आतून बोरूची काठी अडकवलेली, ती नेहमी लावते तशी. बंद कुलूप म्हणजे चांगलं. मॅडम म्हणत होत्याच. मी ते कुलूप हातात धरून किती वेळ उभा राहिलो ते मला माहीत नाही. गार होतं.

पण मग मका बघितला. पाण्यात कमरेपर्यंत उभा. एकही कणीस तोडलेलं नाही. एक सोलून बघितलं, दाणे अजून पांढरे, दुधाळ. म्हणजे ती कधीच निघाली. पिकायच्या कितीतरी आधी. त्या मक्यासाठीच तर राहिली होती! मी थांब म्हटल्यावर निघायचं तिला काय कारण? आणि निघाली तर माझ्याकडे का नाही आली? मधल्या पाण्यात, एकटी, त्या लहानशा नावेत, तो दुखरा पाय...

परत येताना मी गप्प होतो. लुबिंडाला तेही सोसेना.

२३ फेब्रुवारी, रविवार

चर्चला गेलो. कुणी माझ्या बाकावर बसलं नाही. की मीच सगळ्यांच्या नंतर बसलो?

सेपिसोचा लुसाकाहून फोन. "बाबा, आईचा फोन का लागत नाही?" म्हटलं, ढग आहेत. पोरीला खोटं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही ठीक आहात ना? आवाज कसा येतोय." म्हटलं, गुडघा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मॅडम आल्या. सेशेकेचं काम अर्धं टाकून. माझ्याकडे न बघता आधी ती खिडकी उघडली, त्या पिंपवाल्या पेटीची ओळख खोडून टाकली. म्हणाल्या, आता खरी पेटी वर बसली की खिडकी पुन्हा लाल अक्षरात विचारेल. मग वर पेटी बसवणाऱ्या माणसाला फोन करायचा, खुणेचं एकेक अक्षर जुळवून बघायचं, जुळलं तरच हो.

"तुम्ही बघा," मी म्हटलं. "मी नाही बसणार आता त्या खुर्चीत."

"बसायचं आहे तुम्हाला, काका. मी शेजारी बसते."

चहा केला त्यांनी. मी प्यालो. कशाचा तांब्या, कसलं पाणी, तेच डोक्यात.

पश्चिमेच्या काठाकडून येणाऱ्या नावांना लुबिंडा विचारत असतो. कुणाला काही माहीत नाही. पाणी फार पसरलंय.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

काही नाही. करडा.

२६ फेब्रुवारी, बुधवार

नामासिकू आली. गळ्यात दोरीला किल्ली.

पश्चिमेला भावाकडे होती, गुरांपाशी. वाटेत फोन पाण्यात पडला. निरोप दिला होता, तो आणणारा अजून यायचाच आहे. तेराव्या तारखेलाच निघाली होती, माझा फोन ठेवल्या ठेवल्या. उभा मका सोडून.

म्हटलं, अगं, मी तर काळजी करू नकोस म्हणालो होतो!

"तेच तर," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत तुम्ही कधी तसं बोलला नाहीत. पुन्हा विचारलं, तरी तेच. आवाज तुमचाच होता हो. पण मला वाटलं, पलीकडे दुसरंच कुणीतरी आहे."